वरठीहून मालवण: आधी तिथी पाहा, मग तिकीट काढा

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची नवलाई नाही. गावागावांत मालगुजारी तलाव, बोड्या, मधून वाहणारी वैनगंगा आणि पवनीजवळचा गोसीखुर्दचा अथांग जलाशय. पण समुद्रातले बेट आणि त्याभोवतीचे प्रवाळ पाहायचे म्हटले की आपण आधी खिसा चाचपतो. अंदमान म्हणजे विमान, लक्षद्वीप म्हणजे परवाना, हे खरे आहे. मात्र महाराष्ट्राचे स्वतःचे सागरी अभयारण्य एका बेटाला वेढून आहे आणि तिथवर वरठीच्या फलाटावरून शयनयानाच्या तिकिटात पोचता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हे मालवण सागरी अभयारण्य. 1987 साली ते जाहीर झाले. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचा पद्मगड यांच्या भोवती आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. तो बांधून झाला त्याला साडेतीन शतके उलटली, तरी चहूकडे खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. तटाच्या पायथ्याशी, कमरेएवढ्या ते दोन पुरुष खोल पाण्यात, खडकांना धरून प्रवाळ वाढते.

जायचे कसे? गोंदियाहून सकाळी सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस भंडारा रोडला, म्हणजे आपल्या वरठीला थांबते. राज्याची हद्द न ओलांडता साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास धावून ती दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोचते. तिथून घाट उतरणारी एसटी चार-पाच तासांत मालवणला नेते. बायकांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास, म्हणून चारजणांच्या घरात एसटीचा खर्च हाताबाहेर जात नाही. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी चालू असेल तर तीही मालवणजवळच्या कुडाळला सोडते. ती रोज नसते, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. दोन रात्री गाडीत गेल्या तर त्या दोन रात्रींचे खोलीभाडे वाचले, असा हिशेब मी नेहमी धरतो. मालवणात उतरल्यावर हॉटेलाच्या मागे न लागता घरगुती न्याहारी-निवास शोधावा. जेवायला सुरमईच्या ऐवजी बांगड्याची थाळी मागावी. ती स्वस्त असते आणि माझ्या जिभेला तरी अधिक चवदार लागते.

खरी बचत मात्र चंद्रावर आहे. कोकणात भरतीचा एक जुना तोंडी हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेले. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्याचेच हे गणित. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार थोडा. आपल्याला हवी सकाळची मोठी ओहोटी. ती तृतीया ते पंचमीला, आठ ते दहाच्या दरम्यान मिळते. घरातली दिनदर्शिका उघडली की झाले.

अशा ओहोटीला मालवणच्या रॉक गार्डनजवळच्या खळग्यांत जे दिसते त्याला एक पैसाही पडत नाही. शेवंड्या, खेकडे, समुद्रफुले, दगडाला चिकटलेले शंख आणि क्वचित उथळ पाण्यात प्रवाळाचे तांबूस-हिरवे गोळे. दांडी किनाऱ्यावरून पद्मगडाकडे जाणारी वाळूही मोठ्या ओहोटीत उघडी पडते. पण तिथे पाऊल टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारा. परतीचे पाणी कधी चढेल, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

पाण्यात उतरायचेच असेल तर स्नॉर्केलिंग पुरे. तोंडाला मुखवटा, श्वासाला नळी, अंगात तरंगणारे जाकीट. पोहता न येणाराही पाण्यावर पालथा पडून तळ पाहू शकतो. स्कूबाचा खर्च ज्याला झेपतो त्याने जरूर करावा, पण तो टाळला म्हणून काही हुकले असे मानण्याचे कारण नाही. इथले प्रवाळ उथळ पाण्यातच आहे.

आणि नेमके त्यामुळेच ते धोक्यात आहे. प्रवाळ हा दगड नाही, तो प्राणी आहे. असंख्य इवले जीव चुन्याचे घर बांधत एकमेकांना जोडून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असते. रंग आणि बहुतेक अन्न त्या शैवालाकडून मिळते. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापले की शैवाल बाहेर फेकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोळ्यांसारख्या प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर. दम लागला म्हणून पर्यटक त्यावर दोन पाय टेकवून उभा राहिला, तर वीस-तीस वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. नौकेचा नांगरही तेच करतो.

आपल्याकडच्या धीवर मच्छीमारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तलावातल्या देशी पाणवनस्पती गेल्या की मासळी अंडी कुठे घालणार, हे ते पिढ्यान् पिढ्या जाणतात. आपल्या भागातल्या तलावांत अशा वनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवरांना सोबत घेऊन केले आहे. तलावात जे काम वनस्पती करते, ते समुद्रात प्रवाळ करते: पिल्लांना आडोसा देते. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला वर्षानुवर्षे विरोध केला तो जाळे बंद होईल या धास्तीने. त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय कागदावरची हद्द पाण्यात उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर दोराला हात लावा. रापणीत ओढणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. अभयारण्य कोणाच्या जगण्यावर उभे आहे, ते तिथे कळते.

जाताना एवढे सांभाळा: प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका, त्याचा तुकडा पिशवीत घालू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. फोटोसाठी माशांना ब्रेड टाकू या असे कोणी म्हणाले तर नको म्हणा.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दिवाळी आणि नाताळात खोल्या महागतात. म्हणून धान विकून झाल्यावर पौषात निघा. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला वरठीहून गाडी धरली तर तृतीयेच्या रात्री मालवण, आणि चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असेल.