बाळंतपणांतलं अंतर आणि डोंगरावरचं सरपण

कळवण तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर पाणी आणि सरपण आणणं हे बहुतेक घरांत बाईचंच काम. एक मूल अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेले, तरी डोक्यावरची मोळी उतरत नाही. अंगात रक्त कमी, पोटात बाळ आणि समोर धुराची चूल. त्या धुराने तिची छाती भरते आणि बाळाचं वजनही कमी भरू शकतं. उतार बोडका झाला की पावसात माती वाहते, आणि सरपणासाठी आणखी लांब जावं लागतं. वाहिलेली माती नदीत उतरते, आणि गिरणा नदी याच बाजूच्या डोंगरांतून येते. चणकापूर धरण तिच्यावरच आहे.

म्हणून पाळणा लांबवणं, आईची तब्येत आणि रान यांचा विचार एकत्र व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान २४ महिने लांबवायला सांगते. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी आणि तांबी ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची. तिचं औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालं.

मात्र जंगलतोडीचं खापर आदिवासी बाईच्या मुलांवर फोडणं सरळ अन्याय आहे. मूल कधी हवं हे तिनेच ठरवायचं. पण साधनाची जबाबदारी तिच्या एकटीची नाही; पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी तर बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी. आशाताई घरी आल्या की नवऱ्यानेही जवळ बसून ऐकावं, विचारावं.