बचावातून चढाईकडे

फुटबॉलच्या खेळात चेंडू सतत एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जात असतो. या पालटाच्या क्षणी ज्या संघाचे मन आणि पाय आधी वळतात, त्याचे पारडे जड होते. याचे कारण सरळ आहे. चढाई करणारा संघ मैदानभर पसरलेला असतो आणि त्याचे बचावपटूही पुढे सरकलेले असतात. चेंडू हिरावला गेला की त्याला पुन्हा व्यूह रचण्यास काही क्षण लागतात. तेवढेच क्षण प्रतिपक्षाच्या हाती असतात.

२ जुलै २०१८ रोजी रशियातील रोस्तोव्ह येथे विश्वचषकाच्या सामन्यात याचा प्रत्यय आला. जपानने बेल्जियमवर दोन गोलांची आघाडी घेतली होती; बेल्जियमने ती भरून काढली. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटास जपानला कॉर्नर मिळाला. विजयाच्या आशेने त्यांचे बहुतेक गडी पुढे गेले. गोलरक्षक कूर्त्वा याने चेंडू हवेतच झेलला आणि क्षणाचाही विलंब न लावता डी ब्रॉयनकडे सरपटत सोडला. डी ब्रॉयन मैदानाच्या मधून धावत सुटला व त्याने उजवीकडे म्युनिएला पास दिला. म्युनिएचा आडवा चेंडू लुकाकूने मुद्दाम पायाखालून जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. झेल आणि गोल यांमध्ये सुमारे दहा सेकंदच गेले. बेल्जियम ३–२ असा विजयी झाला.

हे केवळ पायांच्या वेगाचे फळ नव्हे. चेंडू मिळण्यापूर्वीच आपले सोबती कोठे आहेत हे पाहून ठेवणे, पहिला पास शक्यतो पुढे देणे आणि चेंडू जवळ नसलेल्यांनीही मोकळ्या जागेकडे धावणे, अशी तीन कामे येथे एकाच वेळी घडली. ती सरावाने शिकवता येतात.

शाळेच्या मैदानावर करता येण्याजोगा एक सराव असा. अर्ध्या मैदानात सहा जणांनी चढाई करावी; पाच बचावपटू व गोलरक्षक यांनी ती अडवावी. बचाव करणाऱ्यांचे आणखी दोन गडी मध्यरेषेवर, दोन्ही कडांना एकेक, उभे राहतील. चेंडू मिळताच प्रशिक्षकाने मोठ्याने पाच अंक मोजावेत. तेवढ्यात चेंडू त्या दोघांपैकी एकाकडे पोहोचला पाहिजे आणि किमान दोन सोबत्यांनी मध्यरेषा ओलांडली पाहिजे. चेंडू गमावणाऱ्या सहा जणांनी त्याच क्षणी पाठलाग करावा. फेरी एका मिनिटाची असावी. मग विश्रांती द्यावी व भूमिका बदलाव्यात. दमलेला मुलगा विचार करीत नाही, नुसता धावतो.

जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांनी सरावात घड्याळाचाच वापर केला: गमावलेला चेंडू आठ सेकंदांत परत मिळवावा आणि मिळाल्यावर दहा सेकंदांत गोलावर फटका जावा. मात्र घाई म्हणजे वेग नव्हे. पुढची वाट बंद असेल तर चेंडू राखणे हाच शहाणपणा होय. ही निवड खेळाडूनेच करावयाची असते. म्हणून पुढे दिलेला पास चुकला तर मुलाला रागावू नये. रागावल्यास तो पुढच्या वेळी निमूटपणे मागे पास देईल आणि सारा सराव व्यर्थ जाईल.

चढाई आघाडीच्या गड्यांनीच करावी असेही नाही. हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलानने १९६४ व १९६५ साली युरोपीय चषक जिंकला, तेव्हा डावा बचावपटू फाकेत्ती वारंवार मुसंडी मारून प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत पोहोचत असे. त्याची जागा तेवढा वेळ दुसरा सांभाळी.

ही दुसरी बाजू विसरता कामा नये. जपानचा कॉर्नर वाईट होता म्हणून ते हरले असे नव्हे. चेंडू गमावल्यावर मागे कोण राहील, याची पुरेशी तजवीज झाली नव्हती. चढाईकडे वळण्यास जो संघ शिकतो, त्याने बचावाकडे परतण्यासही त्याच तत्परतेने शिकले पाहिजे.