सिंथेसायझर-संगणक जोडणी आणि यूएसबी केबलच्या लांबीची मर्यादा

प्रस्तावना

ध्वनिमुद्रण कक्षात वाद्ये एका खोलीत आणि संगणक काचेपलीकडच्या दुसऱ्या खोलीत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. संगणकाच्या पंख्याचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागील हेतू होय. अशा मांडणीत सिंथेसायझरची यूएसबी केबल सात-आठ मीटरपर्यंत वाढते. मग ऐन वादनात वाद्याचा संगणकाशी असलेला संपर्क तुटतो; पट्टी सोडल्याची सूचना न पोहोचल्यामुळे संगणकातील स्वर अखंड वाजत राहतो. दोष बहुधा सॉफ्टवेअरला दिला जातो. केबलची लांबी मात्र कोणी मोजत नाही.

मर्यादेचे स्वरूप

१९८३ मध्ये प्रचलित झालेल्या मिडी पद्धतीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे. तिच्या पाच पिनांच्या केबलला १५ मीटरपर्यंत मुभा आहे. यूएसबीच्या ‘फुल स्पीड’ प्रकाराचा वेग सेकंदाला १ कोटी २० लाख बिट, आणि मर्यादा मात्र ५ मीटर. स्वर सुरू करण्याची मिडी सूचना अवघ्या तीन बाइटची असते. एवढ्या अल्प माहितीला लांब केबल का चालू नये, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर माहितीच्या आकारमानात नसून वेळेत आहे. मिडी केबलमधून संकेत एकाच दिशेने जातो. पाठविणारा उत्तराची वाट पाहत नाही. यूएसबीमध्ये वाद्य स्वतःहून बोलत नाही. संगणक विचारतो आणि ठरावीक काळात उत्तर मिळावेच लागते. फुल स्पीडमध्ये हा काळ १६ ते १८ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त दीड मायक्रोसेकंदाचा आहे. त्यातच वाद्याचा प्रतिसाद आणि मार्गातील पाच हबांपर्यंतचा विलंब बसवायचा असल्याने एका केबलच्या वाट्याला एका दिशेने केवळ २६ नॅनोसेकंद येतात. संकेताला दर मीटरला सुमारे ५.२ नॅनोसेकंद लागतात, असे धरल्यास पाच मीटर हा आकडा आपोआप निघतो.

मार्गात हब नसेल तर वेळ शिल्लक राहते. म्हणूनच एखादी सात मीटरची केबल चालतेही. परंतु असा अनुभव प्रमाण मानता येत नाही. लांबीबरोबर संकेत क्षीण होतो, उत्तर चुकते, संगणक तीच देवाणघेवाण पुन्हा करून पाहतो आणि लागोपाठ अपयश आल्यावर ती थांबवितो. त्यामुळे बेसूर स्वर ऐकू येत नाही, संपर्कच तुटतो.

यूएसबीवरच वीज घेणाऱ्या कीबोर्डांबाबत आणखी एक अडचण संभवते. बारीक, २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२३ ओहम असतो. पाच मीटरच्या जाण्या-येण्याचा रोध २.३ ओहम होतो आणि अर्धा अँपिअर प्रवाहाला १.१५ व्होल्टची घट येते. पाच व्होल्टांपैकी उरतात ३.८५. स्वतंत्र अडॅप्टरवर चालणाऱ्या सिंथेसायझरला ही अडचण भेडसावत नाही.

उपाययोजना

बाजारात सर्रास मिळणारी साधी एक्स्टेन्शन केबल यूएसबी प्रमाणकाला मान्यच नाही. दर पाच मीटरला वीजपुरवठा असलेला हब बसविता येतो. पाच हब आणि सहा केबल मिळून ३० मीटर होतात. जुन्या पाच पिनांच्या जोडण्या असलेल्या सिंथेसायझरसाठी मात्र अधिक सोपा मार्ग उपलब्ध आहे. मिडी इंटरफेस संगणकाजवळ ठेवून यूएसबी केबल आखूड ठेवावी आणि लांबचे अंतर मिडी केबलने पार करावे. त्याहून दूरच्या अंतरासाठी २००६ पासून प्रमाणित झालेली, इथरनेटवरून मिडी पाठविण्याची पद्धत आहे. तेथे एका तांब्याच्या केबलला १०० मीटर मिळतात.

मिडी केबलचा एक लाभ लांबीशी निगडित नाही. तिच्या ग्राहक टोकाला संकेताचे प्रकाशात रूपांतर होत असल्याने दोन उपकरणांत विद्युत संपर्क राहत नाही. यूएसबीत संगणक आणि वाद्य यांची भूतार एकच होते आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याचा गुणगुणाट ध्वनिमार्गात शिरू शकतो. तो केबल आखूड करूनही जात नाही.