फिल्म सोसायटी चळवळ

फिल्म सोसायटी चळवळ : व्यापारी चित्रपटगृहांत सहसा न येणारे देशोदेशींचे कलात्मक चित्रपट सभासदांना नियमितपणे दाखविणे, त्यांवर चर्चा घडवून आणणे व रसास्वादाची दृष्टी जोपासणे, या हेतूंनी चालविल्या जाणाऱ्या, नफा न मिळविणाऱ्या संस्थांची चळवळ. अशा संस्थेत खेळागणिक तिकीट नसते. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांनाच प्रवेश असतो. महाराष्ट्रात या संस्थांना ‘चित्र मंडळ’ वा ‘फिल्म क्लब’ अशीही नावे आहेत.

उगम : पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये लूई देल्यूक प्रभृतींच्या प्रेरणेने ‘सिने-क्लब’ निघाले. लंडनमध्ये १९२५ साली आयव्हर माँटेग्यू व त्याचे सहकारी यांनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली. सार्वजनिक प्रदर्शनास बंदी असलेला आयझेनश्टाइनचा बॅटलशिप पोटेम्किन हा चित्रपट तिने १९२९ मध्ये आपल्या सभासदांना दाखविला. खाजगी सभासदत्वाच्या आधारे नियंत्रणाबाहेर राहून चित्रपट पाहण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

भारतातील प्रसार : सत्यजित राय व चिदानंद दासगुप्त यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीने चळवळीला निश्चित रूप दिले. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यातील बायसिकल थीव्ह्‌ज, रोम, ओपन सिटी यांसारख्या इटालियन चित्रपटांनी स्टुडिओबाहेर, साध्या साधनांनीही प्रभावी चित्रपट निर्माण होऊ शकतो, हे भारतीय प्रेक्षकांना व कलावंतांना दाखवून दिले. १९५९ मध्ये ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ हा महासंघ स्थापन झाला. राय त्याचे अध्यक्ष होते; मूळच्या मुंबईच्या विजया मुळे यांचाही त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईतील ‘फिल्म फोरम’ या संस्थेशी बासू चतर्जी, अरुण कौल हे संबंधित होते. कौल व मृणाल सेन यांनी १९६८ मध्ये नव्या चित्रपटाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९६९ मध्ये सेन यांचा भुवन शोम व चतर्जी यांचा सारा आकाश हे चित्रपट आले. चांगला प्रेक्षक घडविणारी चळवळ चांगला दिग्दर्शकही घडवू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. १९६८ मध्येच मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर प्रभृतींनी ते वाढविले. विदेशी चित्रपटांच्या उपशीर्षकांची भाषा बहुधा इंग्रजी असल्याने मराठी प्रेक्षकाला दुहेरी अंतर पार करावे लागे. प्रास्ताविके, चर्चा व वास्तव रूपवाणी हे नियतकालिक यांद्वारे मंडळाने ही उणीव काही अंशी भरून काढली.

पुण्यात १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट व १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी जगातील अभिजात चित्रपटांच्या प्रती जमवून त्या सोसायट्यांना उपलब्ध करून दिल्या. तर प्राध्यापक सतीश बहादूर यांनी रसास्वादाचे पद्धतशीर अध्यापन केले. पुण्याचा आशय फिल्म क्लब व कोल्हापूरची कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी या महाराष्ट्रातील अन्य उल्लेखनीय संस्था होत.

अडचणी व स्थित्यंतर : चित्रपटांच्या प्रती मुख्यतः संग्रहालय, महासंघ, परदेशी वकिलाती व मॅक्सम्यूलर भवनासारखी सांस्कृतिक केंद्रे यांच्याकडून मिळत. त्यामुळे कोणते चित्रपट पाहावयास मिळावेत, हे काही अंशी त्या त्या देशाच्या सांस्कृतिक धोरणावर अवलंबून राही. सोसायट्यांना विदेशी चित्रपटांसाठी पूर्वपरीक्षणातून सूट मिळू लागल्यावर, केवळ कात्री न लागलेली दृश्ये पाहण्यासाठी सभासद होणाऱ्यांची संख्याही वाढली. अशा सभासदांच्या वर्गणीने संस्थांना आर्थिक बळ मिळाले. पण मूळ उद्देश दुबळा झाला. १९८० नंतर दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांच्या प्रसाराने हा वर्ग गळाला व अनेक संस्था बंद पडल्या. पुढे महोत्सवांनी काही पोकळी भरून काढली : मुंबईचा ‘मामी’ महोत्सव १९९७ मध्ये, तर पुणे आंतरराष्ट्रीय महोत्सव व मुंबईचा ‘थर्ड आय’ आशियाई महोत्सव २००२ मध्ये सुरू झाले.

महानगराच्या विस्तारामुळे एक वेगळा प्रश्न निर्माण झाला. चळवळीची प्रदर्शनस्थळे प्रायः जुन्या मुंबईत राहिली, वस्ती मात्र उत्तरेकडे सरकली. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १२ लाखांवर होती. परंतु चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किमी. दूर आहे. रात्रीचा खेळ व त्यानंतरची चर्चा आटोपून लोकलने परतणे नोकरदार व विद्यार्थी, विशेषतः स्त्रिया, यांना सोयीचे नसते. आता अंकीय तंत्रामुळे जड रिळांची व खर्चिक प्रक्षेपकांची गरज उरलेली नाही. महाविद्यालय किंवा ग्रंथालय यांच्या लहान सभागृहातही, प्रदर्शनाचे हक्क मिळवून, खेळ करता येतो.

महाजालामुळे दुर्मिळ चित्रपट घरबसल्या मिळू लागले असले, तरी असंख्य नावांतून निवड कशी करावी, हा प्रश्न उरतोच. जाणकाराने केलेली निवड, अंधारात एकत्र घेतलेला अनुभव व नंतरचा मतभेदांसह संवाद या तीन गोष्टी फिल्म सोसायटी देऊ शकते. चित्रपट दुर्मिळ होते तेव्हा तिचे महत्त्व पुरवठ्यात होते. ते विपुल झाल्यावर निवड व विवेचन यांत आहे.