मिनिटाला एक रुपया

सकाळी ९.४०
शटरचा डावा रूळ वाकलाय. त्यामुळे ते अर्ध्यावर अडकतं आणि मग गुडघा लावून वर ढकलावं लागतं. कोल्हापूर, शिवाजी पेठ. १२ बाय १८ फुटांचा गाळा, भाडं महिना १२ हजार. आत पाच टीव्ही, तीन पीएस-५, दोन जुने पीएस-४ आणि कोपऱ्यात एक पीसी. मालक पस्तिशीचा. गल्लीतली सगळी पोरं त्याला दादा म्हणतात, मीही दादाच म्हणतो.

आधी मेन स्विच, मग स्टॅबिलायझर, मग एकेक मशीन. पहिल्या टीव्हीवर अपडेटची पट्टी सरकायला लागते. फुटबॉलच्या गेमची नवी आवृत्ती दर वर्षी साधारण सप्टेंबरच्या शेवटी येते. २०२३ पासून तिचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी. पेठेत मात्र ती अजून फिफाच. दादाने नवी डिस्क सध्या एकाच मशीनसाठी घेतलीय, पाच हजारांच्या आसपास पडली. बाकीच्या मशीनवर जुन्या आवृत्त्या चालतात.

नव्या गेमच्या जाहिरातीत हल्ली मेनूचंही कौतुक असतं. नवी मांडणी, नवा वेग, नवे रंग. ते कौतुक कितपत खरं, हे बघायला मी इथं बसलोय, कारण या गाळ्यात मेनूचेसुद्धा पैसे पडतात. पीएस-५ ला एका कंट्रोलरमागे तासाला ६० रुपये. मिनिटाला एक रुपया.

सकाळी १०.२०
दुकानात हाताखाली एक पोरगा आहे. आयटीआय करून झालंय, पगार नऊ हजार, चहा-नाष्टा दादाकडे. तो कंट्रोलर पुसायला घेतो. कापूस, स्पिरिट, जुना टूथब्रश. बटणांच्या फटीत भडंगाचा मसाला आणि घाम सुकून बसलेला असतो. तो ब्रशनेच निघतो.

एक कंट्रोलर बाजूला निघालाय. त्याची डावी स्टिक हात न लावता सरकते. हा दोष सगळ्यात आधी मेनूत दिसतो. मॅच चालू असताना पडद्यावरचा खेळाडू पळतच असतो, पोराला कळत नाही. मेनूत मात्र निवड आपोआप एकेक घर खाली उतरत जाते. दादा चार स्क्रू काढतो, पट्ट्या सोडवतो, बोर्ड उलटा करतो. स्टिकचा सुटा भाग शंभर रुपयांच्या आत मिळतो, पण त्याचे डझनभर टाके एकेक करून सोडवायचे आणि पुन्हा सोल्डर करायचे. बाहेर दिलं तर ७००-८०० घेतात. नवा कंट्रोलर सहा हजारांच्या घरात. खिडकीजवळ मान वाकवून तो पाऊण तास बसतो. धुराने डोळ्यांत पाणी येतं. ते तो खांद्याने पुसतो.

दुपारी १२.०५
कॉलेजची चौघं येतात. दोघं नव्या फुटबॉलवर, दोघं शेजारच्या जुन्यावर.
"दादा, तास लाव."
"बॉल हलू दे मग लावतो."

ही त्याची पद्धत. पहिल्या मॅचचा बॉल हलल्यावरच तो वहीत वेळ लिहितो. आधीचे पडदे त्याच्या खिशातून. किक-ऑफ निवडायचं, मॅचचा प्रकार, कोणता कंट्रोलर कुठल्या बाजूला, टीम, जर्सी, मग लोडिंग. मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं. टीम ठरलेली असेल तर दीड-दोन मिनिटं. नसेल तर तीन-चार. त्यात दोघांनाही एकच टीम हवी असली, तर दादाला उठून भांडण सोडवावं लागतं.

जुन्या मशीनवरची जोडी टीव्हीकडे बघतसुद्धा नाही. अंगठे आपले चालतात: खाली, उजवीकडे, एक्स, एक्स. नव्या मशीनवरची दोघं अडलीत.
"कुठं गेलं रं ते?"
"वर होतं की काल."
"लई फिरवतंय हे."
वर्षभर हाताला बसलेली वाट बदललीय. नवा पडदा दिसायला देखणा आहे, यात वाद नाही. अक्षरं ठसठशीत, खेळाडूचं चित्र अख्ख्या भिंतीएवढं. पण या पोरांनी पाहण्याचे पैसे दिलेले नाहीत.

दुपारी १.३०
जेवणाची वेळ, गाळा रिकामा. मांडीवर डबा ठेवून दादा बोलतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर २ आला, तेव्हा त्याने मोठ्या हौसेनं घेतला होता. त्याचा मेनू सिनेमांच्या ॲपसारखा, आडव्या चौकटींचा, उजवीकडे सरकवत जायचा. जगभरच्या खेळाडूंनी त्याला नावं ठेवली. इथं तर पोरं थेट दादालाच हाक मारायची. "बंदूक बदलायची कुठं ते सांगायला मी निम्मा वेळ त्यांच्या मागं उभा असायचो," तो म्हणतो. त्याची चपाती गार होते. डबा बंद करून तो हात धुवायला जातो.

दुपारी २.१५
कलानिकेतनमध्ये शिकणारी एक मुलगी येते. आठवड्यातून एकदा, गर्दी नसताना. तिला पर्सोना ३ रीलोड हवा असतो. दादाने सेलमध्ये घेतला होता तो हिच्यासाठीच. दुसरं कोणी खेळत नाही.

मूळ पर्सोना ३ हा २००६ चा, जपानच्या अ‍ॅटलस कंपनीचा. नवा अवतार फेब्रुवारी २०२४ मधला. तो यायच्या आधी त्याच्या मेनूचाच बोलबाला झाला होता. ती मेनू उघडते. पडदा निळा होतो, नायक पाण्यात तरंगायला लागतो, शब्द तिरपे येऊन बसतात. गिऱ्हाईक नसल्यामुळे हाताखालचा पोरगा हातातला ब्रश तसाच धरून बघत उभा राहतो.

ती मात्र मला वेगळंच दाखवते.
"चित्र बघू नका, माझा अंगठा बघा."
लढाई सुरू आहे. हल्ल्याला एक बटण, खास शक्तींना दुसरं, वस्तूंना तिसरं. यादीतून वरखाली करत शोधणं नाही. जो शब्द जिथं दिसतो, त्याच्या शेजारी त्याचं बटण. अ‍ॅटलसने २०१६ च्या पर्सोना ५ मध्ये हीच रीत लाल-काळ्या रंगात मांडली होती आणि तेव्हापासून मेनूची चर्चा निघाली की त्या गेमचं नाव निघतंच.
"एवढा नाच चाललाय पडद्यावर, पण मला कुठं थांबवतोय का?" ती विचारते.
थांबवत नाही. मी बराच वेळ बघितलं. मला हा मेनू बोलबाल्याला पुरून उरलेला वाटला. देखणेपणासाठी इथं खेळणाऱ्याचं एक मिनिटही मोडत नाही.

तिचे दोन तासांचे १२० होतात. दादा शंभर घेतो.
"ताई, दुपारचं आलात म्हणून."

संध्याकाळी ४.२०
शाळा सुटली. दप्तरं दाराशी, चपला बाहेर. चौथी-पाचवीची पोरं पीएस-४ वर, त्याला तासाला ४०. तीन जणांत मिळून अर्धा तास. नाणी मोजून देतात.

यांना इंग्रजी वाचता येत नाही, निदान पडद्यावरचं बारीक अक्षर तर नाहीच. मशीनच्या सेटिंगमध्ये भाषांची लांब यादी आहे. जपानी, कोरियन, स्पॅनिश, पोलिश. मराठी नाही. ही पोरं मेनू जागेवरून आणि रंगावरून ओळखतात. "खालनं दुसरं." "ते पिवळं दाब." मोठ्याने सूचना चाललेल्या असतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात. एकदा एका गेममध्ये अपडेटनंतर खेळायच्या बटणाच्या जागी दुकानाचं बटण आलं. पोरांनी सवयीने ते दाबलं आणि दादाच्या कार्डावरून साडेसातशे रुपये गेले. त्या दिवसापासून कुठल्याच मशीनवर कार्ड जोडलेलं नाही. खरेदी करायची तर तो रात्री नंबर टाकतो आणि काम झालं की लगेच पुसतो.

मेनू नवा करणाऱ्याने या तिघांच्या मागे अर्धा तास उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. २० रुपयांत त्याला पुष्कळ कळेल.

संध्याकाळी ५.३५
लाइट जाते. पाच मिनिटांत येते. इन्व्हर्टरवर फक्त दिवा आणि पंखा. एक मशीन खेळताना २०० वॉटच्या आसपास खातं, शिवाय टीव्ही. महावितरणचं बिल महिन्याला सात हजारांपर्यंत जातं. सगळी मशीनं पुन्हा चालू करायची, पुन्हा तेच पडदे. त्या वेळेचे पैसे दादा कोणाकडून घेत नाही.

संध्याकाळी ६.१०
पीसीवर दोघं जीटीए ऑनलाइन लावून बसलेत. लोडिंग चाललंय. इथं एक गोष्ट सांगायला हवी. हा गेम पीसीवर उघडायला कित्येक मिनिटं घ्यायचा आणि वर्षानुवर्षं लोक सर्व्हरला दोष देत बसले. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रॅमरने कारण शोधलं. गेम उघडताना दहा एमबीची एक फाइल वाचत होता. तीत विकायच्या वस्तूंची यादी, ६३ हजार नोंदी. ती वाचण्याची पद्धत इतकी वाईट, की प्रत्येक नोंदीला तेच तेच काम पुन्हा व्हायचं. त्याने आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि वेळ सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. रॉकस्टार कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये ती सुधारणा गेममध्ये घेतली आणि त्याला १० हजार डॉलर दिले.

दादाला हे ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच आठवतं, की मधे कधीतरी गेम अचानक लवकर उघडायला लागला. पोरांनी त्याला विचारलं होतं, "दादा, नेट बदललं का?"

संध्याकाळी ७.३०
आता उभं राहायला जागा नाही. तालमीची पोरं आलीत. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांचं भांडण इथं टीव्हीवर. हरेल तो उठेल, असा नियम. एका मशीनमागे सहा-सात जण.

ही खरी परीक्षा. मॅच संपली की कंट्रोलर हातातून ओढला जातो. नवीन माणूस बसतो, बाजू निवडायची, टीम बदलायची. मागून आरडाओरडा, "चल की भावा!" जुन्या आवृत्तीवर हा बदल मिनिटभरात उरकतो. नव्या मशीनवर दुप्पट लागतो. एक कारण पोरांचे अंगठे, दुसरं मधे येणारे पडदे. नवा मोड आलाय, नवा खेळाडू आलाय, बघणार का? प्रत्येकाला गोलाचं बटण दाबून घालवावं लागतं.

शेजारी टेकन ८ चालू आहे, जानेवारी २०२४ चा. तिथं हरलेला कंट्रोलर देतो, नवीन माणूस पुन्हा लढाई निवडतो, लढवय्या बदलतो आणि घंटा. त्या रांगेत कोणी ओरडत नाही. मारामारीच्या गेमचा जन्मच नाणं टाकायच्या मशीनवर झालेला. मागे उभ्या माणसाचा विचार त्याच्या मांडणीत पहिल्यापासून आहे.

आठच्या सुमाराला एक गोष्ट दिसते. नव्या डिस्कच्या मशीनसमोरची गर्दी पातळ होते आणि जुन्याकडे सरकते. नव्यात खेळाडू ताजे आहेत, बदललेले संघ बरोबर आहेत, पोरांना ते हवंही आहे. पण खिशात ६० रुपये आणि मागे सहा जण असले की पोरगं जिथं बॉल लवकर हलतो तिथं बसतं.

रात्री १०.१५
हिशेब. वहीत उभ्या रेघा. आजचे २,१८० रुपये. त्यातले ८६० मोबाइलवर आलेले, बाकी रोख. चहा-नाष्टा १४०, स्पिरिट आणि कापूस ६०. वाणिज्य शाखेची पोरं ३० रुपये उधार ठेवून गेलीत, तेही लिहिलंय.

हाताखालचा पोरगा झाडू मारतो. दादा कंट्रोलर मोजून चार्जिंगला लावतो, सकाळी सोल्डर केलेला वेगळा ठेवतो. मग मशीन एकवर रात्रीचं डाउनलोड, ४८ जीबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर तासाभरात व्हायला हवं, पण रात्री वेग पडतो, म्हणून ते सुरू ठेवूनच जायचं.

दारात तालमीतला एक जण अजून रेंगाळतोय.
"दादा, बाकीच्या दोन मशीनला नवा फिफा कधी घेणार?"
"सेल लागला की. निम्म्याला मिळतोय मग."
"तोवर?"
"तोवर ह्या एकावर या दुपारचं. शिका तेवढ्यात कुठं काय हाय ते. फुकट बसवतो अर्धा तास."
पोरगा लगेच उद्याची वेळ ठरवतो. साडेतीन. दादा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतो.