आरोग्य नोंदवहीतला पाचवा रकाना

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनानिमित्त एका खासगी शाळेत सहावीच्या मुलांसमोर आम्ही अंधबिंदूचा प्रयोग करून दाखवत होतो. प्रयोग तुमच्या परिचयाचा असेल. कागदावर एक फुली आणि तिच्या डावीकडे आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर एक ठिपका काढायचा. उजवा डोळा झाकायचा आणि डाव्या डोळ्याने फुलीकडे एकटक बघत कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटरवर ठिपका अचानक दिसेनासा होतो.

"गेला, गेला!" असा गलका चालू असताना एक मुलगी मात्र गप्प होती. विचारल्यावर म्हणाली, "सर, ठिपक्याचं राहू दे, मला फुलीच नीट दिसत नाहीये."

आम्ही तिला खिडकीजवळ नेले. डावा डोळा झाकला की सगळे लख्ख, उजवा झाकला की सगळे धूसर. बाईंनी शाळेची आरोग्य नोंदवही आणली. ओळीने तीन वर्षे तिच्या नावापुढे लिहिले होते, 'दृष्टी : सामान्य'. पुढे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे आणि तो लहानपणापासूनच असावा.

शाळा हलगर्जी होती असे नाही. तिथे आजारी मुलांसाठी वेगळी खोली होती, परिचारिका होती, दरवर्षी तपासणी शिबिर होत होते. नोंदीही खोट्या नव्हत्या. मुलगी तक्त्यासमोर उभी राहिली, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने अक्षरे वाचली आणि ती बरोबर होती. एका डोळ्याने दोघांची परीक्षा दिली आणि दोघे पास झाले!

तपासणी झाली, म्हणजे आरोग्यसेवा मिळाली का? या लेखात आपण हा प्रश्न डोळ्यांपुरता पाहू. मात्र उत्तर दात, रक्तक्षय, कान या सगळ्यांनाच लागू पडेल.

सहा मीटर आणि पाच मिनिटे

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता हॉलंडमधील उट्रेख्ट येथील नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलन यांनी १८६२ साली तयार केला. त्यामागचे गणित नववीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाला एक मिनिट म्हणतात. दोन रेघांमधली फट डोळ्याशी एक मिनिटाचा कोन करत असेल, तर निरोगी डोळ्याला त्या रेघा वेगळ्या दिसतात, असे स्नेलन यांनी प्रमाण धरले. सहा मीटर अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे १.७५ मिलिमीटर. इंग्रजी 'ई' अक्षराच्या तीन आडव्या रेघा आणि त्यांमधल्या दोन फटी असे पाच समान भाग होतात. म्हणून पूर्ण अक्षर पाच मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर उंचीचे. ही झाली ६/६ ची ओळ. ६/१८ याचा अर्थ असा की निरोगी डोळा जे अक्षर अठरा मीटरवरून वाचतो, ते वाचायला या मुलाला सहा मीटरवर यावे लागते.

आता हे गणित आपल्या फळ्याला लावून पाहू. ६/१८ दृष्टी असलेल्या मुलाला सहा मीटरवरून सुमारे पाच मिलिमीटरपेक्षा लहान फट ओळखू येत नाही. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांत फरक असतो तो शिरोरेघेतल्या छोट्याशा फटीचा आणि गाठीचा. फळ्यावर ही फट बऱ्याचदा तेवढीच असते. मागच्या बाकावरचा मुलगा 'घन' लिहिलेले 'धन' असे उतरवतो तेव्हा त्याचे लक्ष नाही असे आपण म्हणतो. कदाचित त्याचे लक्ष पूर्ण असेल, अक्षरच त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल.

मूल तक्रार का करत नाही, असे पालक विचारतात. ज्याने कधी स्पष्ट पाहिलेच नाही, त्याला आपण धूसर पाहतो हे कसे कळणार? सगळ्यांना असेच दिसते, असे तो धरून चालतो.

उशीर महाग का पडतो?

निकटदृष्टिता असलेल्या, म्हणजे लांबचे धूसर दिसणाऱ्या मुलाला दोन वर्षे उशिरा चष्मा मिळाला तर त्याचा अभ्यास बुडतो, पण चष्मा लागताच त्याला सहसा स्पष्ट दिसू लागते. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर गोष्ट वेगळी. दृष्टिपटलावरची प्रतिमा ही निम्मीच वाट आहे. तिचा अर्थ लावायला मेंदूला शिकावे लागते आणि हे शिकणे मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत होते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून हे दाखवले. पुढे डोळा उघडला तरी मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देत नव्हत्या. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांमध्ये याला मंददृष्टी किंवा 'आळशी डोळा' म्हणतात. हे नाव तसे अन्यायाचेच. डोळा आळशी नसतो, मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणे सोडलेले असते. योग्य नंबरचा चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही वेळ झाकून मेंदूला पुन्हा शिकवता येते. सात-आठ वर्षांनंतरही उपचाराचा काही उपयोग होतो, पण वय वाढत जाते तसा तो कमी होतो. म्हणून पहिलीतली तपासणी सहावीतल्या तपासणीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

खासगी शाळांची जबाबदारी

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. १९४६ साली भोर समितीने मात्र देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला. तेव्हापासून आपण बरेच पुढे आलो. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथून झाला. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक शाळेत येते आणि दोष आढळलेल्या मुलाला पुढे रुग्णालयाकडे पाठवले जाते. पण हा कार्यक्रम आखला आहे तो सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. विनाअनुदानित खासगी शाळेला आपली व्यवस्था आपणच करावी लागते.

मग बऱ्याचदा काय होते? एखादा चष्मेविक्रेता 'मोफत शिबिर' घेतो, दोन तासांत तीनशे मुले तपासली जातात आणि चिठ्ठीवर त्याच दुकानाचा पत्ता असतो. विक्रेता प्रामाणिक असेलही. तरी तपासणारा आणि चष्मा विकणारा एकच नसावा, एवढे पथ्य शाळेने पाळावे. दुसरे असे की खासगी शाळेतली सगळी मुले सुखवस्तू घरांतली नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पंचवीस टक्के जागांवर प्रवेश घेतलेली मुलेही तिथे बसतात. 'पालक बघून घेतील' हे धोरण त्यांच्या बाबतीत चालणार नाही.

शिक्षकांनी करायची चाळणी

पहिली चाळणी लावायला डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित शिक्षक ती लावू शकतात आणि आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ती तशी लावलीही जाते. तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. आलेख कागदावर १३ मिलिमीटरचा चौरस काढून त्यात 'ई' बसवा. प्रत्येक रेघ आणि प्रत्येक फट २.६ मिलिमीटरची. हे ६/९ चे अक्षर. तोंड वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशी चार अक्षरे ठळक काळ्या शाईने काढा. मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची, त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही चालते.

सहा मीटर अंतर दोरीने मोजा, पावलांनी नको. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि भरपूर उजेडात लावा, पण त्याच्या मागे खिडकी नको. एका वेळी एकच डोळा तपासा. दुसरा तळहाताने झाका, कारण बोटांच्या फटीतून मुले बघतात. डोळा दाबू नका. रांगेतल्या मुलांना तक्ता दिसता कामा नये, नाहीतर उत्तरे पाठ होतात. चष्मा असेल तर तो लावूनच तपासा. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ वाचता आले नाही, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. दूरदृष्टितेचे काही रुग्ण तीतून सुटतात. म्हणून तक्ता नीट वाचूनही ज्याचे डोके वारंवार दुखते किंवा डोळा तिरळा दिसतो, त्यालाही पाठवावे.

पाचवा रकाना

त्या शाळेच्या नोंदवहीत चार रकाने होते. नाव, तारीख, काय आढळले आणि पालकांना कळवले का. पाचवा रकाना नव्हता : पुढे काय झाले?

आमच्या मते शालेय आरोग्यसेवेचा प्राण या रकान्यात आहे. चिठ्ठी दप्तरातच राहते, पालकांना सुट्टी मिळत नाही, मुलीला चष्मा लागल्याचे नातेवाइकांना कळेल या भीतीने गोष्ट दडवली जाते. चष्मा आणला तरी तो डोळ्यांवर असतोच असे नाही. चीनमधल्या २५२ प्राथमिक शाळांत २०१२-१३ साली झालेल्या एका प्रयोगात ज्या मुलांना मोफत चष्मे दिले, त्यांचे गणिताचे गुण वाढले. पण अचानक जाऊन पाहिले तेव्हा निम्म्याहून कमी मुलांनी चष्मा लावलेला होता. इथे काम डॉक्टरांचे नाही, वर्गशिक्षकांचे आहे. महिन्याने चौकशी करणे, 'चष्मिस' म्हणून चिडवणे थांबवणे, मुलाला पुढच्या बाकावर बसवणे आणि हे सारे चारचौघांत न सांगता करणे, हे धोरणाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे.

आणखी एक कलम त्यात हवे. मैदानाचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त घराबाहेर ठेवले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. उघड्यावरचा प्रखर उजेड डोळ्याच्या गोलाची लांबी अवाजवी वाढू देत नाही, असे संशोधकांना वाटते. लागलेला नंबर खेळण्याने उतरत नाही, पण नंबर लागणे लांबू शकते. सहामाही परीक्षा जवळ आली की पहिला बळी मैदानाच्या तासाचा जातो, हे आपण सारेच जाणतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले? चष्मा आणि रोज काही तास उजवा डोळा झाकणे, असा उपचार वर्षभर चालला. डावा डोळा तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचू लागला. त्यापुढे तो गेला नाही. हीच गोष्ट पहिलीत लक्षात आली असती, तर कदाचित अजून दोन-तीन ओळी मिळाल्या असत्या. शाळेने नोंदवहीत पाचवा रकाना आखला, तो या मुलीमुळे.

तुमच्या शाळेची नोंदवही एकदा काढून पाहा. रकाने किती आहेत आणि शेवटचा भरलेला आहे का, ते आम्हाला जरूर कळवा.