रोमात किती दिवस राहणार?

मीटिंगमध्ये बॉसला 'हे शुक्रवारपर्यंत होणार नाही' असं ठणकावून सांगणारी आपली जनरेशन एका ठिकाणी मात्र चक्क लाजते. ऑनलाइन कम्युनिटीत! लंच अवरमध्ये तिथे रोज चक्कर असते, कोण कुणाशी भांडलं ते तोंडपाठ असतं, पण स्वतः लिहायचं म्हटलं की बोटं गारठतात.

मराठी नेटकरांकडे या अवस्थेसाठी झकास शब्द आहे: 'रोमात असणं'. रोम म्हणजे रीड ओन्ली मोड. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं रोमात राहिलेली मंडळी ढिगाने सापडतील. वेब युजेबिलिटीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ९०-९-१ असा ठोकताळा मांडला. शंभरातले ९० फक्त वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक धो धो लिहितो. थोडक्यात, ज्या गर्दीला आपण घाबरतो तिच्यातले बहुतेक जण आपल्यासारखेच दाराआड उभे असतात.

मीही त्या नव्वदातलीच. मग एका धाग्यावर एका मुलीचा प्रश्न दिसला. पुण्यात पहिली नोकरी मिळालीय, शिफ्ट रात्री अकराला सुटते, त्या वेळी आत घेणारं हॉस्टेल मिळेल का? घरचे नाही म्हणताहेत. दोन दिवस कुणाचंच उत्तर नाही. मी स्वतः असं हॉस्टेल शोधलं होतं, तरी मनात एकच, 'आपण कोण सांगणारे?' मग वाटलं, हिला एक्स्पर्ट नकोय, नुकतंच यातून गेलेलं कुणीतरी हवंय. चार ओळी लिहिल्या. कंपनीकडून शिफ्टचं पत्र घे, वॉर्डनला आधीच दाखव, उशिरा येण्याची परवानगी लेखी घे, डिपॉझिटची पावती सोडू नको. आठवड्याने रिप्लाय आला, 'ताई, बाबा हो म्हणाले.'

पण लोक हसले तर? अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक धमाल प्रयोग केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. गायक बॅरी मॅनिलोचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवून त्यांनी विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार, असा त्या बिचाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला. तुमची शुद्धलेखनाची चूकसुद्धा इतकीच 'गाजते'!

सुरुवातीचा फंडा सोपा आहे. आधी नियम वाचा, जुने धागे चाळा. मग दुसऱ्याच्या धाग्यावर प्रतिसाद द्या. नुसतं '+१' नको, स्वतःच्या अनुभवाची एक ओळ जोडा. प्रश्न विचारायचा तर नेमका विचारा. शहर, बजेट, आधी काय करून पाहिलं, सगळं सांगा. टोपणनाव बिनधास्त घ्या, पण फोन नंबर आणि घरचा पत्ता उघड्यावर नको. कुणी वाकडं बोललंच, तर लगेच भिडू नका. चहा घेऊन या. प्रकरण हाताबाहेर गेलं तर मॉडरेटर आहेतच.

आणि हो, सगळ्यांनी धो धो लिहायची गरज नाही. नव्वदातून नवात आलात तरी पुष्कळ. तुम्हाला अगदी साधी वाटणारी माहिती कुणाच्या तरी नोकरीचा प्रश्न सोडवू शकते. टाका की चार ओळी!